घोडा धावतो, नवरदेव मिरवतो

पनवेलच्या वाट्याला घोडे आले, शर्यतीही आल्या, पण शर्यतीचे घोडे पनवेलवरून नुसते जातात. मुंबईचा रेसचा हंगाम महालक्ष्मीला साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चालतो आणि पावसाळ्यात सगळा कारभार पुण्याला हलतो. तेव्हा ताशी ६० किलोमीटरने धावू शकणारा, कित्येक पिढ्यांची वंशावळ कागदावर असलेला तो राजबिंडा प्राणी ट्रकमध्ये उभा राहून आमच्या कळंबोली सर्कलला रिक्षावाल्यांची आपापसातली भाषा ऐकत थांबलेला असतो. पुढे लागतो द्रुतगती मार्ग. त्या मार्गावर पादचारी, दुचाकी, बैलगाडी, घोडागाडी या सगळ्यांना मनाई. म्हणजे घोडा स्वतःच्या पायांनी आला तर गुन्हा आणि ट्रकमधून आला तर टोल. धावण्यासाठीच जन्माला आलेल्या प्राण्याला धावण्याच्या जागेपर्यंत धावत जाता येत नाही, यात काहीतरी तत्त्वज्ञान असावं. पण सर्कलला हॉर्न इतके वाजत असतात की ते सुचत नाही.

तसं पाहिलं तर पनवेलला एकेकाळी घोड्यांनीच मोठं केलं. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला. मग मुंबईचा साहेब होडीत बसून खाडीतून पनवेल बंदराला उतरायचा आणि इथून पुढे घोड्याच्या गाडीने किंवा पालखीतून पुण्याकडे निघायचा. गाड्यांची चाकं बनवणं हा पनवेलचा नावाजलेला धंदा होता. इंग्रजांच्या गॅझेटियरनेही त्याची दखल घेतली आहे. आता गॅझेटियरमध्ये नाव आलं म्हणजे धंद्याचे दिवस भरले असं समजायला हरकत नाही. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर चढली आणि तीही कल्याण-कर्जतवरून. पनवेलला वळसा घालून. इथले घोडे, इथली चाकं, इथले गाडीवान बंदरावर उभे राहिले आणि प्रवासी दुसरीकडूनच पुण्याला पोचले. बी. आर. चोप्रांनी ‘नया दौर’ काढला १९५७ साली. पनवेलने तो १८६३ सालीच पाहिला होता, फक्त आमच्याकडे यंत्र जिंकलं आणि गाणी नव्हती.

हा सिनेमा मध्येच आठवायचं कारण म्हणजे आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीतला ज्येष्ठ नागरिक मंच. मंच महिन्यातून एकदा क्लबहाउसमध्ये पडदा लावून जुना सिनेमा दाखवतो. मी अजून ज्येष्ठ झालेलो नाही, पण मला प्रोजेक्टर लावता येतो, म्हणून मला सभासदत्व न देता जबाबदारी देण्यात आली आहे. या वेळचा विषय ठरवला बँकवाले काकांनी: घोडे, शर्यत आणि प्रेम. काकांनी आयुष्यभर राष्ट्रीयीकृत बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजले. त्यामुळे पैज या प्रकाराबद्दल त्यांच्या मनात एक निरागस कुतूहल शिल्लक आहे.

‘रेस’ म्हटल्यावर मंचात शांतता पसरली. ही शांतता मला लहानपणापासून माहीत आहे. ‘तो रेस खेळतो’ हे वाक्य मोठी माणसं मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू आणि मुलांनी नक्की ऐकावं म्हणून पुरेसं मोठ्याने बोलत. प्रत्येक घराण्यात एक लांबचा मामा असतोच, ज्याची गिरगावातली खोली महालक्ष्मीच्या मैदानात विरघळली. लग्नाकार्यांत ऐकलेल्या अशा खोल्यांची बेरीज केली तर ती गिरगावातल्या एकूण खोल्यांपेक्षा जास्त भरते. एकूण काय, तर घोड्यावर पैसे लावणाऱ्याला आपल्याकडे मुलगी देत नाहीत. मुलगी ज्याला देतात त्याला घोड्यावर बसवतात, ही गोष्ट वेगळी.

“यात जुगार आहे का?” तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं.

“आहे,” काका म्हणाले. “पण प्रेमासाठी आहे.”

“मग चालेल.”

हे ‘मग चालेल’ नीट ऐकण्यासारखं होतं. पाचशे रुपयांसाठी घोडा पळवणं वाईट, बायको मिळवण्यासाठी पळवणं चांगलं. पहिल्यात फार तर पाचशे रुपये जातात, हा हिशेब बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाच्याही ध्यानात आला नाही.

मग सिनेमा कोणता यावर चर्चा झाली. मी आधी ‘नॅशनल व्हेल्व्हेट’ सुचवला. १९४४ चा, बारा वर्षांची एलिझाबेथ टेलर. पोरीला सोडतीत घोडा मिळतो आणि ती मुलाचा वेष घेऊन इंग्लंडची सगळ्यात अवघड शर्यत मारते. काकूंनी विचारलं, “बारा वर्षांच्या मुलीचं कसलं प्रेम?” मी म्हटलं, “घोड्यावरचं.” त्यांनी मान हलवली आणि विषय मिटला. ‘माय फेअर लेडी’त अ‍ॅस्कॉटच्या रेसचा फार छान प्रसंग आहे, पण त्यात घोडे कमी आणि टोप्या जास्त. सगळे उमराव पुतळे होऊन उभे आणि फुलं विकणारी एक पोरगी तेवढी घोड्याला ओरडून हाकते आहे. क्लार्क गेबलचा ‘सॅराटोगा’ अगदी विषयाला धरून होता. पण १९३७ साली त्याचं चित्रीकरण संपायच्या आतच नायिका जीन हार्लो वारली आणि उरलेले प्रसंग दुसऱ्याच मुलींना पाठमोऱ्या उभ्या करून उरकले, हे सांगितल्यावर तो कोणालाच बघवेना. शेवटी काकांनी ‘नया दौर’चं नाव काढलं. त्यावर एक आजोबा म्हणाले, “पण त्यात घोड्यांची शर्यत कुठाय? टांग्याची आणि बसची आहे.”

“मग टांग्याला काय मांजर जुंपलंय?” काका म्हणाले, आणि ठराव संमत झाला.

त्या आजोबांबरोबर त्यांचा नातू आला होता. हा तरुण इंजिनीअर नव्या विमानतळाच्या बाजूला कुठल्याशा कामावर आहे. त्याने सिनेमा पाहिलेला नव्हता, इतकंच नव्हे तर कधी त्याबद्दल ऐकलेलंही नव्हतं. काकांनी ही गोष्ट फार चटकन हेरली.

“काय रे, सांग बघू. एकीकडे टांगा, दुसरीकडे बस. कोण जिंकेल?”

“बस. यात विचारायचं काय, काका? बसला शंभर अश्वशक्ती असेल, टांग्याला एक.”

“लावतोस पैज? मंचाला समोसे.”

पैज लागली. मंचातल्या एकाही ज्येष्ठाने त्या पोराला सावध केलं नाही. सगळ्यांना समोसे आवडतात.

आता सिनेमा. शंकर टांगेवाला म्हणजे दिलीप कुमार, कृष्णा म्हणजे अजित. दोघे जिवाभावाचे मित्र. गावात रजनी येते, म्हणजे वैजयंतीमाला, आणि दोघांचाही जीव तिच्यावर जडतो. इथे एक सोपा मार्ग असतो: मुलीला विचारणं. तो दोघांपैकी एकालाही सुचत नाही. त्याऐवजी ते असं ठरवतात की ती देवाला कुठल्या रंगाची फुलं वाहते ते पाहायचं. एक रंग याचा, दुसरा त्याचा. ज्याच्या रंगाची फुलं, त्याची रजनी. म्हणजे मुलीच्या नकळत मुलीचीच सोडत काढली, तीही तिच्याच हातून. सिनेमातला पहिला जुगार हा. काकूंना मात्र तो जुगार वाटलाच नाही, कारण तो देवळात झाला.

त्यातही लबाडी होते. शंकरच्या बहिणीचा जीव असतो कृष्णावर, म्हणून ती गुपचूप फुलांची अदलाबदल करते आणि कृष्णा ते बघतो. रेसकोर्सवर याला घोडा खेचणं म्हणतात. तिथे चौकशी बसते आणि जॉकीचा परवाना जातो. इथे फक्त गैरसमज होतो. गैरसमज झाल्याशिवाय हिंदी सिनेमा जवळपास तीन तास चालणार कसा? मित्र वैरी होतात. शेठचा शहरातून आलेला मुलगा, म्हणजे जीवन, गावात आधी यंत्र आणतो, मग बस आणतो, टांगेवाल्यांच्या पोटावर पाय येतो आणि शंकर भर गावासमोर सांगून बसतो की माझा टांगा बसला हरवेल. त्यासाठी गाव मिळून जवळचा रस्ता खोदायला घेतं.

इंजिनीअर आतापर्यंत मोबाईल बघत होता, तो इथे सावरून बसला. रस्ता, पूल, माती, दगड ही त्याची भाषा. “निविदा न काढता?” तो पुटपुटला. गावकऱ्यांनी लाकडी पूल उभा केला तेव्हा म्हणाला, “लोड टेस्टिंग कोण करणार?” जॉनी वॉकर मुंबईचा वार्ताहर म्हणून गावात आला, तेव्हा नातवाला पहिल्यांदाच सिनेमा खरा वाटला. काम चालू असताना पत्रकार येतो, हे त्याच्या अनुभवाशी जुळत होतं.

माझं लक्ष मात्र घोड्याकडे होतं. मी पूर्वी हा सिनेमा पाहिला तेव्हा दिलीप कुमार पाहिला होता, त्याआधी पाहिला तेव्हा वैजयंतीमाला. या वेळी प्रोजेक्टरच्या शेजारी उभं राहून, पंख्याचा गरम वारा खात पाहताना ध्यानात आलं की यात सगळ्यात जास्त काम घोडा करतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. त्याला रजनीशी लग्न करायचं नाही. बसशी त्याचं वैर नाही. उलट बस जिंकली तर त्याला घरी बसून चरायला मिळणार. सिनेमातल्या सगळ्या पात्रांत पराभवात फायदा असलेलं हे एकच पात्र, आणि तेच जिवाच्या आकांताने धावतं. ओ. पी. नय्यरांनी टापांचा ठेका गाण्यांत असा काही खेळवला की आजही तो ठेका वाजला की पनवेलमधला माणूस मान हलवायला लागतो. त्या संगीताला फिल्मफेअर मिळालं. दिलीप कुमारला मिळालं. कथा लिहिणाऱ्या अख्तर मिर्झांना मिळालं. ठेका ज्याच्या पायातला, त्याला चंदी.

पडद्यामागचं नाट्य तर पडद्यावरच्याहून वरचढ. नायिका आधी होती मधुबाला. चित्रीकरणासाठी भोपाळकडे जायचं ठरलं आणि तिच्या वडिलांनी, अताउल्ला खानांनी, मुलीला बाहेरगावी पाठवायला नकार दिला. दिलीप कुमार आणि मधुबाला यांचं प्रेम तेव्हा सगळ्यांना ठाऊक. चोप्रांनी वैजयंतीमालेला घेतलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि दिलीप कुमारने साक्ष दिली ती चोप्रांच्या बाजूने. ते प्रेम तिथेच संपलं. म्हणजे ज्या सिनेमात टांग्याने प्रेम जुळवलं, त्याच सिनेमाने खरं प्रेम मोडलं. काकांनी हे सांगितल्यावर काकू बराच वेळ पडद्याकडे पाहत गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “बापाचंही काही चुकलं नाही हं.” मला वाटतं, त्यांच्या मुलीच्या कंपनीने तिला नुकतंच बंगळूरला बोलावलं आहे.

शर्यतीच्या प्रसंगाला मात्र सगळे ज्येष्ठ पुढे सरकून बसले. शेवट प्रत्येकाला माहीत होता, तरी दोघांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि एका आजींनी चप्पल काढून ठेवली, कशासाठी कोण जाणे. पूल मोडायला निघालेल्या कृष्णाला ऐनवेळी खरं काय ते कळतं, तो तोच पूल स्वतःच्या खांद्यांवर तोलून धरतो, टांगा पार होतो आणि बस मागे पडते.

“ही चीटिंग आहे!” नातू उभा राहिला. “त्यांनी रूटच वेगळा घेतला!”

“रूट कुठे ठरला होता?” काका म्हणाले. “आधी पोचायचं ठरलं होतं.”

मला या पोराची थोडी दया आली, पण त्याचं म्हणणं त्याच्याच गावातल्या माणसांनी ऐकून घ्यावं असं नव्हतं. पनवेलकराला जवळच्या रस्त्याचं महत्त्व शिकवायला नको. अख्खं गाव एका जवळच्या रस्त्यावर वाढलं आणि दुसऱ्या जवळच्या रस्त्याने बसलं.

समोशांची ऑर्डर जाईपर्यंत काकांनी एक गोष्ट सांगितली. ती मीही तुकड्यातुकड्याने वाचली होती, पण सलग ऐकताना वाटलं की सिनेमावाल्यांनी उगाच फुलं आणि पूल रचत बसावं, आपल्या गायकवाडांच्या घरात हे सगळं न रचता घडलं. साल १९४३. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड, थोरल्या सयाजीरावांचे नातू. यांना घोड्यांचं विलक्षण वेड. मद्रासच्या रेसला गेले असता तिथे त्यांना सीतादेवी दिसल्या, पिठापुरमच्या राजाची कन्या. अडचणी दोनच होत्या. एक, सीतादेवींचं लग्न झालेलं होतं, वुय्यूरच्या जमीनदारांशी, आणि मुलंही होती. दोन, महाराजांचंही लग्न झालेलं होतं आणि त्यांनाही मुलं होती. त्यात भर म्हणून एक पत्नी असताना दुसरी करायला बडोदे संस्थानात कायद्याने बंदी.

यावर रेसच्या माणसाला शोभेल असाच तोडगा निघाला: आडरस्त्याने. सीतादेवींनी इस्लाम स्वीकारला, त्यावर पहिला विवाह मोडला, मग त्या पुन्हा हिंदू झाल्या आणि महाराजांशी विवाहबद्ध झाल्या. इंग्रज सरकारने कायद्याकडे बोट दाखवलं, तेव्हा महाराजांच्या बाजूने सांगण्यात आलं की तो कायदा प्रजेसाठी आहे, महाराजांना लागू नाही. आणि त्याच १९४३ साली महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली. जिंकली कोणी? बडोद्याच्या महाराजांच्या घोडीने. घोडीचं नाव प्रिन्सेस ब्यूटिफुल, वर जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. एखाद्या पटकथालेखकाने हे असंच लिहून नेलं असतं तर निर्माता म्हणाला असता, “योगायोग जरा कमी करा, लोक हसतील.”

पुढे तर आणखी मजा. १९४५ साली महाराजांनी इंग्लंडात एक वर्षाचं शिंगरू विकत घेतलं, २८,००० गिनींना. त्या काळी विक्रमी किंमत. त्याचं नाव ठेवलं सयाजीराव. आजोबांचं नाव तेच, नव्या मुलाचं नाव तेच आणि घोड्याचंही तेच. राजवाड्यात ‘सयाजीरावांना खायला द्या’ असा हुकूम सुटला की स्वयंपाकघर आणि पागा दोन्हीकडे धावपळ होत असेल, ही माझी कल्पना. त्या घोड्याने १९४७ साली आयरिश डर्बी आणि सेंट लेजर मारली. १९४८ मध्ये महाराजांच्या ‘माय बाबू’ नावाच्या घोड्याने इंग्लंडची टू थाउजंड गिनीज जिंकली. खजिन्याचं मात्र उलट चाललं होतं. १९५१ साली भारत सरकारने महाराजांना गादीवरून दूर केलं, १९५६ साली सीतादेवींशी काडीमोड झाला, आणि त्या तिकडे मॉन्टे कार्लोत आपल्या जडजवाहिरांसह राहिल्या. घोडे पहिले येत राहिले. संसार कितवा आला ते मोजायला कोणी थांबलं नाही.

मंचातले पुरुष ‘२८,००० गिनी’वर थांबले होते. एका आजोबांनी त्याचे तेव्हाचे रुपये काढायला घेतले. काकूंनी एकच विचारलं, “आणि पहिली?”

पहिल्या महाराणी शांतादेवी, आपल्या कोल्हापूरकडच्या, हसूरच्या. काकांना त्यांच्याबद्दल एवढंच सांगता आलं. मद्रासची रेस कोणत्या मोसमात होती, घोडी किती अंतर धावली, हे मात्र ते घडाघडा सांगत होते.

समोसे यायला वेळ होता, म्हणून काकांनी रेसचं शास्त्र काढलं. मला आजवर वाटायचं की रेस म्हणजे नशीब. काकांनी तो भ्रम घालवला. हे शास्त्र ऐकताना मात्र सारखं वाटत राहिलं की मी वधूवर सूचक मंडळात बसलोय. जगातल्या सगळ्या थरोब्रेड घोड्यांचं पितृकुळ जाऊन मिळतं फक्त तीन घोड्यांना, आणि त्यांची कुळाची नोंदवही १७९१ सालापासून ठेवली आहे. आमच्याकडे पणजोबांच्या पलीकडे विचारलं की ‘मूळचे कोकणातले’ एवढ्यावर भागतं. आपल्याकडे रेसच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एकाच दिवशी धरतात, १ जानेवारीला. मंचातल्या कोणालाच याचं आश्चर्य वाटलं नाही, कारण मंचातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेला. प्रत्येक जून महिन्याच्या पहिल्या तारखेला आमच्या क्लबहाउसमध्ये एवढे केक कापले जातात की मधुमेहाच्या डॉक्टरांनी त्या दिवशी इथेच दवाखाना थाटावा.

पण खरी कमाल आहे हँडिकॅपची. सगळे घोडे सारखे धावणारे नसतात. मग शर्यत रंगावी म्हणून जो घोडा चांगला धावतो त्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून. जिंकला की पुढच्या वेळी आणखी वजन. हरत राहिला की वजन उतरतं. हे ऐकल्यावर क्लबहाउसमधल्या सगळ्या थोरल्या सुना, थोरले मुलगे आणि बँकेत वेळेवर काम करणारे माजी कर्मचारी एकदम गप्प झाले. एक आजी हळूच म्हणाल्या, “आमच्या धाकट्या जाऊबाई कायम हलक्याच धावल्या.” त्यांच्या धाकट्या जाऊबाई दोन खुर्च्या सोडून बसल्या होत्या. त्यांनी पाण्याची बाटली उघडली आणि बराच वेळ पाणी प्यायल्या.

धावणं थांबल्यावर या घोड्यांचं काय होतं, असं नातवाने विचारलं. पोराचा हा प्रश्न मला आवडला. काही स्टड फार्मवर जातात, म्हणजे पेन्शन. काही माथेरानला येतात. आमच्या पूर्वेला दिसणाऱ्या त्या डोंगरावर मोटारींना बंदी असल्यामुळे तिथे घोडा अजून वाहन आहे. कधीकाळी महालक्ष्मीला हजारो लोकांच्या ओरड्यात शेवटचं वळण घेणारा घोडा आता दादरच्या एका घाबरट गृहस्थांना पाठीवर घेऊन लाल मातीतून चालतो, आणि गृहस्थ ओरडत असतात, “हळू, हळू!” डर्बीला पोचलेल्या प्राण्याला आयुष्याच्या शेवटी ‘हळू’ ऐकायला मिळतं, यात मला वाईट काही दिसत नाही. आमच्या मंचातल्या सगळ्यांची मुलं त्यांना हेच सांगतात.

आणि गंमत बघा, ‘नया दौर’ तिथे पुन्हा रंगला. डिसेंबर २०२२ मध्ये माथेरानला ई-रिक्षा आल्या, प्रयोग म्हणून, त्याही मोजक्या. घोडेवाल्यांनी विरोध केला. सगळं प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर गेलं. मात्र इथला पेच चोप्रांच्या सिनेमाहून अवघड होता. ई-रिक्षा द्यायची म्हणत होते ती हातरिक्षा ओढणाऱ्यांना. म्हणजे टांगेवाला एकीकडे, शेठची बस दुसरीकडे असा सरळ मामला नव्हता. ज्याने आजवर माणसं स्वतःच्या छातीच्या जोरावर चढावर ओढली, त्याच्या हातात यंत्र द्यायचं की नाही, असा प्रश्न होता. इथे दिलीप कुमार कोण आणि जीवन कोण हे मला ठरवता येत नाही. बहुधा म्हणूनच यावर कोणी सिनेमा काढत नाही.

सिनेमा आणि घोडा यांची जोडी आता पनवेलमध्ये दिसते ती सलमान खानच्या फार्महाउसवर. २०२० च्या टाळेबंदीत तो इथेच होता. ‘तेरे बिना’ हे गाणंही इथेच चित्रित झालं आणि आपल्या घोड्याला पाला भरवता भरवता स्वतःही तो खातानाचा त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्यावर लोक हसले. मला मात्र नायकाने घोड्याच्या पंगतीला बसणं हा मोठाच न्याय वाटला. नाडियाबाईंच्या ‘हंटरवाली’तल्या घोड्याला निदान ‘पंजाब का बेटा’ असं रुबाबदार नाव होतं, ‘शोले’तल्या धन्नोला बसंतीमुळे कीर्ती मिळाली, पण पंगतीचा मान कोणालाच मिळाला नव्हता.

बाकी पनवेलकराचा घोडा म्हणजे वरातीचा. लग्नसराईत संध्याकाळी एखाद्या कार्यालयापुढे उभे राहिलात तर बघा. आयुष्यात स्कूटरच्या पुढे न गेलेला नवरदेव फेटा सावरत वर बसलेला असतो, पुढे डीजे, मागे मोटारींचा चार पदरी संताप. घोड्याचा वेग ताशी अर्धा किलोमीटर. नवरदेव एका हाताने खोगीर आणि दुसऱ्या हाताने नारळ धरून चेहऱ्यावर असा भाव आणतो की आत्ताच डर्बी मारून आलोय. त्याने काय जिंकलंय? स्थळ आईने पाहिलं, पत्रिका गुरुजींनी जुळवली, हप्ते वडील भरणार, आणि चालतोय घोडा. तरी हार याच्या गळ्यात. घोड्याला कधी कोणी हार घातलाच तर तो त्याच्या डोळ्यांवर येतो.

समोसे आले तेव्हा नातवाने पैसे द्यायला ठाम नकार दिला. त्याचं म्हणणं असं की काकांनी सिनेमा आधी पाहिलेला होता, म्हणून ही पैजच नव्हे, ही फसवणूक आहे. काकांनी शांतपणे सांगितलं की सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केलंय, घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचा पूर्वेतिहास, तब्येत, रस्ता यांचा अभ्यास करून पैसे लावणं म्हणजे कौशल्य. “मी या टांग्याचा अभ्यास १९५७ पासून करतोय,” काका म्हणाले. “माझ्यापेक्षा कुशल माणूस तुला रायगड जिल्ह्यात मिळणार नाही.” आजोबांनीही नातवाची बाजू घेतली नाही. त्यांच्या तोंडात समोसा होता. पोराने पैसे भरले.

चिटणीसांनी वहीत नोंद केली की यापुढे मंचाच्या कार्यक्रमात कोणीही कसलीही पैज लावू नये, आणि लगेच पुढच्या महिन्याचा सिनेमा जाहीर केला: ‘बेन-हर’, १९५९ चा, रथांची शर्यत असलेला. नातू चपला घालता घालता थांबला. ज्याचे पैसे एकदा गेलेत तो ज्या नजरेने बघतो त्या नजरेने त्याने काकांकडे बघितलं.

“काका, त्यात कोणते घोडे असतात?”

“एकाचे पांढरे, एकाचे काळे.”

“आणि तुम्ही कोणते घ्याल?”

काकांनी इकडेतिकडे पाहिलं, त्याला जिन्याखाली बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “काळे. काय तब्येत आहे एकेकाची! डोळे मिटून लाव.”

बेन-हर मी पाहिलाय. मी काही बोललो नाही. पुढच्या वेळी समोशांबरोबर कचोरीही मागवायची, असं मंचात आधीच ठरलं होतं.